मॉर्फिन आणि जपमाळ

आईचा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलाय हे कळलं, त्या संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. बहुतेकांचा अर्थ एकच : देव आपल्या आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो. आईनं दोन-चार वाचले, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "एवढी आवडायला नको होते मी त्याला."

आम्ही वसईचे कॅथलिक. घरात मराठी, मिस्सा मराठीत, भांडणंही मराठीतच. तरी ख्रिस्ती म्हटलं की समोरचा इंग्रजीत का सुरू होतो, हे एक कोडंच आहे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी रविवारची मिस्सा सोडली. बंड वगैरे काही नव्हतं. दुधाचा दात पडावा तसा विश्वास गळून पडला. आई वर्षभर फुरंगटून होती, मग तिनं तो विषयच काढायचं सोडलं.

आता ती रोज रात्री जपमाळ घेऊन बसते. उठते तेव्हा तिचा चेहरा सैल झालेला असतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय : आजार आटोक्यात ठेवता येईल, पुरता जाणार नाही. हे तिला माहीत आहे. तरी त्या वीस मिनिटांनंतर ती शांत झोपते आणि मी बाहेरच्या खोलीत जागा राहतो. तिला बरं वाटतंय याचा मला आनंद होतो, आणि आत कुठेतरी टोचतही राहतं. बरं वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. जे मला खरं वाटत नाही त्यातून तिला धीर मिळत असेल, तर मी गप्प बसणं हे प्रेम आहे की लबाडी?

या प्रश्नाचं तयार उत्तर कॉलेजात मिळालं होतं. मार्क्सनं 1844 साली छापलेल्या लेखात धर्माला अफू म्हटलं. (त्याच परिच्छेदात पिचलेल्या माणसांबद्दलची कणवही आहे, तेवढा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.) मी हे वाक्य कितीतरी वेळा वादात फेकलं होतं. पण आता आमच्या फ्रीजवरच्या डब्यात आईच्या मॉर्फिनच्या गोळ्या असतात, आणि मॉर्फिन अफूपासूनच काढतात. दुखण्यानं कुशीवरही वळता न येणारी बाई गोळीनंतर तासाभरात उठून चहा मागते, तेव्हा 'अफू' ही शिवी उरत नाही. त्या गोळीला कुणी फसवणूक म्हणत नाही. का? कारण गाठ विरघळली असा दावा ती करत नाही. ती फक्त दुखणं सोसण्याजोगं करते.

म्हणजे प्रश्न सांत्वनाचा नाही, त्यासोबत येणाऱ्या दाव्याचा आहे. हे मला पुस्तकातून कळलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी ओळखीची एक बाई आईला कुठल्याशा प्रार्थनासभेला घेऊन गेली. तिथं स्टेजवरून सांगितलं गेलं, पूर्ण विश्वास असेल तर रोग जातो. औषध घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. आई घरी आली ती उजळून. मग तिनं चार दिवस गुपचूप सगळ्या गोळ्या बंद केल्या. मॉर्फिनसुद्धा. मला स्ट्रिप उशीखाली सापडली. मी ओरडलो. ती म्हणाली, "चार दिवस मला आशा होती. तीही तुला बघवत नाही का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तिच्या पाठीनंच दिलं. त्या रात्री दुखणं असं उसळलं की तिनं स्वतःच गोळी मागितली. आणि गोळी गिळताना म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला."

त्या स्टेजवरच्या माणसाला मी माफ करू शकत नाही ते या एका वाक्यासाठी. रोग तिचा होताच, आता त्याचा दोषही तिचा झाला. सगळा भार रुग्णावर टाकणारा विश्वास सांत्वन देत नाही, हप्ते वसूल करतो.

केट बोलर ही अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकवणारी इतिहासकार. विश्वास असेल तर आरोग्य आणि पैसा मिळतो असं सांगणाऱ्या तिथल्या प्रवचनकारांचा तिनं वर्षानुवर्षं अभ्यास केला. 2015 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तिलाच चौथ्या टप्प्याचा आतड्याचा कॅन्सर निघाला. तिच्या 2018 च्या पुस्तकाच्या नावातच आहे की प्रत्येक गोष्टीमागे कारण असतं हे तिला आवडलेलं एक खोटं आहे. ती ख्रिस्ती होती, ख्रिस्तीच राहिली. हॉस्पिटलात आपल्याला प्रेमानं उचलून धरल्यासारखं वाटलं हेही तिनं सांगितलं, आणि ती भावना पुढं ओसरली हेही लपवलं नाही. मला तिचा हा हिशेब चोख वाटतो.

आमच्याकडे दर शुक्रवारी एक सिस्टर कम्युनियन घेऊन येतात. गोळ्यांमुळं आईचं तोंड आलेलं असतं, अख्खी ओस्ती गिळवत नाही. सिस्टर नखाएवढा तुकडा मोडतात, चमच्यानं पाणी देतात आणि मग बसून राहतात. बोलत नाहीत. एकदा निघताना मी विचारलं, "तुम्ही समजावत का नाही काही?" त्या म्हणाल्या, "ईयोबाचे मित्र बोलेपर्यंत बरे होते."

रात्री मी ते पुस्तक उघडलं. लहानपणी ऐकलं होतं, पण लक्षात काही नव्हतं. मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले. मग त्यांनी तोंड उघडलं : तुझं काहीतरी चुकलं असणार, उगीच का होतंय. पानंच्या पानं ईयोब देवाशी भांडतो, जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. देवाच्या वतीनं कारणं सांगणाऱ्यांवर. आणि ईयोबाला कारण शेवटपर्यंत मिळत नाहीच. आमचा फॅमिली ग्रुप हे पुस्तक वाचत नसावा.

तरी माझी मॉर्फिनची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आईचा विश्वास म्हणजे नुसता धीर नाही. मेल्यावर आपल्याला आपली आई भेटणार आहे असं ती मानते. हाही दावाच आहे. फरक एवढाच की त्यासाठी तिला गोळ्या सोडाव्या लागत नाहीत, स्वतःला दोषी धरावं लागत नाही. एवढा फरक पुरेसा आहे का? काही रात्री वाटतं आहे. काही रात्री वाटतं, मी स्वतःच्या सोयीनं रेघ ओढलीय.

गेल्या शुक्रवारी तिच्या तोंडातल्या फोडांनी बोलणं बंद केलं. तिनं जपमाळ माझ्या हातात दिली. खुणेनंच : तू म्हण.

मी म्हटलं, "आई, मला ते खरं वाटत नाही."

ती कसंबसं बोलली, "मला वाटतं ना. तू नुसता आवाज दे."

शुक्रवारी दुःखाची रहस्यं म्हणतात. पहिलं गेथशेमाने बागेचं. ख्रिस्त रात्री एकटा प्रार्थना करतोय की हे माझ्यावरून टळू दे. मित्र थोड्या अंतरावर झोपलेत. आणि ते टळत नाही. इतकी वर्षं हे रहस्य तोंडपाठ होतं, पण ही नाकारली गेलेली प्रार्थना आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आईच्या मात्र आलं असणार. ती रोज बसत होती ती या माणसाजवळ.

मी नमो मरिया म्हणत गेलो. आवाज आधी अवघडलेला होता, मग आपोआप लयीत आला. आठव्या मण्यावर माझं लक्ष तिच्या श्वासाकडे गेलं आणि दहा झाले समजून मी पुढच्या रहस्याकडे वळलो. आईनं डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि दोन बोटं दाखवली.