कुठला पाय?

चि. भाचेबुवा,


टाकीतल्या पाण्याचं तापमान रास्पबेरी पायवर कसं मोजायचं, हे तू लिहिलंस ते समोर ठेवून मी करायला बसलो आणि दुसऱ्याच पायरीला अडलो. तू म्हणतोस तशी बूट फोल्डरातली कॉन्फिग फाइल उघडली, तर आत एवढंच: या फाइलला हात लावू नका, तुम्हाला हवी ती फर्मवेअर फोल्डरात गेली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पायच्या ओएसची बुकवर्म ही आवृत्ती आली तेव्हापासून ती तिथे असते. म्हणजे तू आधीच्या बुलसआयवर केलंस. पण हे मी ओळखायचं?

पुढे त्याच टाकीच्या पंपाचा रिले. माझा पाय पाच नंबरचा. त्यात पिनांचा कारभार आरपी1 नावाच्या वेगळ्या चिपकडे गेलाय, म्हणून तुझी आरपीआय जीपीआयओ लायब्ररी त्यावर चालतच नाही. हे कळेपर्यंत तासभर मी वायरी काढून घालत होतो. 'पाय चालत नाही' असं पुटपुटत होतो, तर मामी बाम घेऊन आली.

तुझ्या लेखात 'सर्व मॉडेल्सवर चालेल' असं वाक्य आहे. ते आधी खोड. कुठल्या पायवर, कुठल्या ओएसवर, कधी केलंस ते सगळ्यात वर लिही. 'लेटेस्ट व्हर्जन' लिहू नकोस. तुझं आजचं लेटेस्ट वाचणाऱ्याकडे जुनं झालेलं असतं. आकडे आठवणीतून नकोत, ईटीसी फोल्डरातल्या ओएस-रिलीज फाइलमधून उतरवून घे. आणि पाय 5 वर करून पाहिलं नसेल तर तसं लिही. त्यात कसला कमीपणा?

मी टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा गिऱ्हाईक मॉडेल सांगायचं. मी मागचं झाकण काढून आधी चॅसिसचा नंबर बघायचो, कारण बाहेरून एकच असलेल्या दोन सेटांत आतला बोर्ड वेगळा निघायचा. राउटरच्या बुडाला व्ही 1, व्ही 2 छापतात तेही त्यासाठीच.

शेवटी जीपीआयओ झीरो ही लायब्ररी लावून पंप चालू केला. तुझ्या लेखात जोडायला माझी ओळ घे: पाय 5, 8 जीबी, बुकवर्म 64 बिट, पायथन 3.11. पाय 4 वर पाहिलेलं नाही.

तुझा मामा