वजनकाट्यावर ठरणारा गुन्हा

एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावी महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोनचा कारखाना पकडला. माल ११.३६ किलो, किंमत सुमारे १७ कोटी, अटकेतल्यांत एक पोलीस कर्मचारीही. अशी बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘आता वकील तांत्रिक मुद्दा काढतील आणि सगळे सुटतील.’ यामागचा संताप खरा आहे. गावोगावची तरुण पोरे या पावडरीच्या नादी लागत असताना तो यायलाच हवा. पण अमली पदार्थविरोधी कायद्यातले तंत्र बाजूला काढले, तर सिद्ध करायला गुन्हाच उरत नाही.

आधीचा इतिहास वादाचा नाही. १८९३-९४ च्या आयोगाने गांजा-भांगेवर सरसकट बंदी नको म्हटले, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला अफूच्या पंक्तीत बसवले आणि १९८५ मध्ये हा अमली पदार्थविरोधी, म्हणजे एनडीपीएस कायदा आला. तेव्हा मुख्य प्रश्न एकच होता: पदार्थ कोणता? बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे. थोडा माल स्वतःच्या सेवनासाठीच होता, हे आरोपीने सिद्ध केले तरच सवलत.

मग २००१ ची दुरुस्ती आली. तिने कायदा सैल केला, असे सर्रास सांगितले जाते. मला हे वाचन चुकीचे वाटते. त्या दुरुस्तीने ‘किती?’ हा प्रश्न ‘कोणता?’ इतकाच निर्णायक केला. गांजासाठी १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण. हेरॉइनसाठी ५ आणि २५० ग्रॅम. २०१५ मध्ये यादीत आलेल्या मेफेड्रोनसाठी २ आणि ५० ग्रॅम. ५० ग्रॅमपर्यंत किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश ठरवतो, किमान मर्यादा नाही. ५१ ग्रॅम झाले की किमान १० वर्षे, आणि आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी आधार दिसल्याशिवाय जामीनही नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेसळीची पूडही वजनात धरायची असे ठरवले. म्हणजे न्यायाधीशाचा निम्मा निर्णय पंचनाम्याच्या जागी, काट्यावरच होऊन जातो.

आपल्याकडे तुरीच्या ओळींत लावलेला गांजा पकडला जातो. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे; शेंड्यांविना पाला आणि बी त्यात येत नाही. लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहेच. पण ओली झाडे मुळा-खोडासकट तोलून २५ किलो लिहिले, तर शेंडे किती होते? वजनात पाला-देठ मिसळल्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिले आहेत. ही पळवाट म्हणता येणार नाही, कारण शिक्षाच त्या आकड्यावर उभी आहे.

नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे, सील शाबूत ठेवायचे, अंगझडतीआधी आरोपीला ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर मागण्याचा हक्क सांगायचा, हे सगळे याच न्यायाने येते. शिक्षा जितकी कडक तितकी दक्षता जास्त, असे घटनापीठाने १९९९ मध्येच बजावले. शिवाय इथे माल ताब्यात सापडल्याचे सिद्ध झाले की गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जाते. मग तो माल तोच आणि तितकाच होता, हे तरी सरकारने निःसंशय दाखवायला नको का?

म्हणून खरी मागणी जप्ती नीट करण्याची हवी: तपासलेला काटा, चित्रीकरण, वेळेत रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. नव्या फौजदारी संहितेने जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केलेच आहे. कच्चा पंचनामा दोन्हीकडून अन्याय करतो. मोठा व्यापारी सुटतो, कारण चूक शोधणारा वकील त्याला परवडतो. आणि तो न परवडणारा कोरडवाहू शेतकरी पाल्या-मुळांच्या वजनावर वर्षानुवर्षे तुरुंगात राहतो.