जवळच्याने हळू बोलावे

दिवाळीला आम्ही सारे कोकणातल्या घरी जमतो. तिथे फोनला ‘रेंज’ बेताचीच. पुण्याहून भरून नेलेली बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. यंदा भाऊबिजेला मी फोनच्या नावाने बोटे मोडीत बसलो होतो, तेव्हा माझा भाचा हसून म्हणाला, “मामा, फोनचा दोष नाही. मनोरा दूर आहे, म्हणून बिचाऱ्याला ओरडून बोलावं लागतं.”

भाचा बिनतारी संदेशवहनातला इंजिनियर. चकली खाता खाता त्याने एक नवलाची गोष्ट सांगितली. २००१ साली जपानात तिसऱ्या पिढीची मोबाइल व्यवस्था सुरू झाली. तिच्यात पुष्कळ फोन एकाच लहरींवर, एकाच वेळी बोलत. प्रत्येकाची सांकेतिक खूण निराळी. तिच्यावरून मनोरा ज्याचा त्याचा आवाज निवडून घेई. अडचण एकच. मनोऱ्यालगतचा फोन पूर्ण शक्तीने बोलला, तर दूरच्यांचे आवाज त्याखाली बुडून जात. म्हणून मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला १५०० वेळा बजावी, ‘चढव’ किंवा ‘उतर’. दूरच्याने पाव वॅटपर्यंत जावे, जवळच्याने त्याच्या कोटीव्या हिश्शापर्यंतही खाली यावे. हेतू हा, की मनोऱ्याच्या कानी सारे सारख्याच बळाने पोहोचावेत. शिवाय जवळच्याची बॅटरीही वाचे. पुढच्या पिढ्यांत तपशील बदलले, पण गरजेपुरतीच शक्ती खर्चण्याचा दंडक राहिला.

“म्हणजे जवळच्यावर अन्यायच की!” मी म्हणालो.

“त्याचा एक शब्दही गळत नाही, मामा. फक्त दुसऱ्याचा बुडत नाही.”

माझी धाकटी बहीण इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, “दादा, बाबांच्या शेवटच्या वर्षी मी नागपूरहून फोन करायची, तो तू घ्यायचास. ‘ती बरी आहे’ एवढंच त्यांना सांगायचास. मला त्यांच्याशी बोलायचं होतं.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला उत्तर सुचेना. बाबांना ऐकू कमी येई, वर्षभर मी त्यांची शुश्रूषा केली, हे सारे खरे. पण तेवढ्या जोरावर त्यांचा कान मी माझ्या मालकीचा समजून बसलो होतो.

सर्वांना बोलायची मुभा दिली की समता झाली, असे आपण मानतो. मनोरा मात्र विचारतो, ऐकणाऱ्यापर्यंत कोण पोहोचले? अर्थात त्याच्या हुकुमाने अंतर मिटत नाही. दूरच्या फोनची बॅटरी लवकर संपतेच. बहिणीने आपली किती खर्चिली, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. आणि घरात असा मनोरा नसतो. तिथे ‘उतर’ हे जवळच्याने स्वतःलाच बजवायचे असते.

“काय सांगायचं होतं तुला बाबांना?” मी विचारले.

ती सांगू लागली. या वेळी मी मध्ये बोललो नाही.