खालचा बंक

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. पण कैद्याला चढायला दुसरी पायरी तरी कुठे असते?

९ नोव्हेंबर १९७३. टेक्सासमधल्या हंट्सव्हिलच्या तुरुंगात ट्रकमधून कापूस उतरवताना एक गाठ जे. डब्ल्यू. गॅम्बल या कैद्याच्या अंगावर पडली. आपल्याकडची कापसाची गाठ १७० किलोंची. ही ६०० पौंडांची, म्हणजे दीडपटीहून जड. तरी गडी चार तास काम करत राहिला. मग पाठ धरली, ती सुटेचना.

पुढच्या तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासलं. गोळ्या मिळाल्या, विश्रांतीही मिळाली. एकदा औषधाची चिठ्ठीच हरवली. चार दिवस औषध नाही. डॉक्टरनं सांगितलं, याला आठवडाभर वरच्याऐवजी खालच्या बंकवर झोपवा. तुरुंगवाल्यांनी ऐकलं नाही. मला सगळ्यांत हेच बोचतं. खालच्या बंकला काही पैसे पडत नाहीत.

दुखतंय म्हणून कामाला नाही म्हणाला, तर एकांत कोठडी. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यानं वकिलाविना, स्वतःच्या हातानं तक्रार लिहून फेडरल कोर्टात धाडली. आधार १८७१ च्या नागरी हक्क कायद्याचा: सरकारी माणसानं हक्क तुडवले, तर त्याला कोर्टात खेचता येतं. खालच्या कोर्टानं तक्रार फेटाळली, अपील कोर्टानं ती पुन्हा उभी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

३० नोव्हेंबर १९७६ चा निकाल न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी लिहिला. कैद्याचं औषधपाणी तुरुंगाच्याच हातात असतं; त्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षाच. मग गॅम्बल जिंकला? छे! पाठीचा एक्स-रे काढला नाही ही फार तर डॉक्टरची चूक, क्रूरता नव्हे. सतरा वेळा तपासलं होतं ना! डॉक्टरवरचा दावा गेला. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स गॅम्बलच्या बाजूनं उभे राहिले.

कॅलिफोर्नियाच्या खचाखच भरलेल्या तुरुंगांत उपचारांवाचून माणसं मेली, तेव्हा कैद्यांची संख्या हजारोंनी कमी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कायम केला. त्या निकालपत्रात गॅम्बलच्या खटल्याचा दाखला आहे.