अंतकाळ आणि अमोनिया

माझ्या सासऱ्यांच्या, आण्णांच्या गळ्यात तरुणपणापासून तुळशीची माळ. दारूचा थेंब नाही. तरी लिव्हर सुकलं, जुन्या हिपॅटायटिस बीमुळे. अकलूजमध्ये "माळकरी असून?" म्हणत भुवया उंचावणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

मला छळतो तो प्रश्न वेगळाच. सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, तेव्हा अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावणारा हा माणूस. एका रात्री त्यांनी मला ओळखलं नाही आणि देवघरातल्या विठोबाला अर्वाच्य शिव्या दिल्या. त्याआधी काही दिवस पोट साफ नव्हतं, झोप दिवसा आणि जागरण रात्री. डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे मागे वळवायला लावले, ते फडफडले. आतड्यात तयार होणारा अमोनिया सुकलेलं लिव्हर गाळू शकत नाही, तो मेंदूपर्यंत जातो. पोटात साचलेल्या पाण्याला संसर्ग झाला तरी अशी भूल पडते, म्हणून सुईने पाणी काढून तपासलं. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल एका घन मिलिमीटरमध्ये अडीचशेच्या खाली होत्या, सुटलो. लॅक्टुलोज सुरू झालं, दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होऊ लागलं आणि आण्णा पुन्हा हरिपाठ म्हणू लागले.

पण त्याच रात्री प्राण गेला असता तर? गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाला केवढं वजन आहे! जन्मभराचं नाम बद्धकोष्ठानं बुडवायचं का? असला हिशेब ठेवणारा देव मला मान्य नाही. त्याच अध्यायातला सहावा श्लोक मला जवळचा वाटतो: जो भाव सदा घोटला, तोच शेवटी सोबत येतो. आणि भागवतातल्या अजामिळाने तर पोराला हाक मारली होती, देवाला नव्हे. तरी विष्णुदूत आले.

आण्णांना हे पटत नाही. "अगं, शुद्धीत घेतलेलं नाम ते नाम. म्हणून तर ते गोड औषध पितो मी." खरा वाद एकादशीचा. लिव्हर सुकलेल्याने रात्री उपाशी झोपायचं नाही, शरीर स्नायू खाऊ लागतं. राजगिऱ्याचा लाडू आणि दूध यावर तडजोड झाली. सैंधव मात्र ते अजून मागतात. उपासाला चालत असलं तरी तेही मीठच, पोटात पाणी धरणारं. मी डबा वरच्या फळीवर ठेवलाय.