त्याग की श्रम? फाळके, तारामती आणि कलावंताचे ऋण

हरिश्चंद्राच्या कथेत वचन राजाने दिलेले असते. ते पाळण्यासाठी स्वतःआधी तो विकतो पत्नीला आणि मुलाला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ही कथा पडद्यावर आणली, तेव्हा पडद्यामागेही जवळजवळ हीच रचना होती. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले गेले, पत्नीचे दागिने गहाण पडले. रोहिदासाची भूमिका मुलगा भालचंद्र याने केली. स्त्री नट न मिळाल्याने तारामती अण्णा साळुंके झाले. सरस्वतीबाई फाळके मात्र फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि कंपनीतील माणसांचा स्वयंपाक यांत गुंतल्या होत्या.

प्रश्न असा, की कलावंताच्या ध्यासाची किंमत कुटुंबाने मोजली तर तिचे नैतिक समर्थन कशाने होते? बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली ‘नैतिक दैवा’च्या विवेचनात चित्रकार गोगँचे उदाहरण घेऊन, असे समर्थन झालेच तर ते केवळ यशानेच होऊ शकते, असे सुचविले. ज्यांनी सोसले त्यांचे समाधान त्याने होईलच असे नाही, हेही त्यांनी मान्य केले. परंतु फाळके यांच्या बाबतीत यश नेमके कोणत्या वर्षी मोजावयाचे? १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’च्या वैभवात, जेथे कन्या मंदाकिनी कृष्ण झाली? बोलपटांचे युग सुरू झाल्यावर १९३२ मध्ये मूकपट म्हणून आलेल्या ‘सेतुबंधन’मध्ये? १९४४ मधील नाशिकच्या उपेक्षित मृत्यूत? की १९६९ साली त्यांच्या नावाने सुरू झालेल्या पुरस्कारात? निकाल दर वेळी बदलत असेल, तर तो न्याय नव्हे.

शिवाय गोगँ घर सोडून गेला. फाळके यांनी घराचाच कारखाना केला. म्हणून येथे ‘त्याग’ हा शब्द तपासून घ्यावयास हवा. त्याग हा गुण ठरतो, आणि गुणाला मोबदला नसतो, श्रमाला असतो. सरस्वतीबाईंना केवळ सोशिक ठरविणे हाही अन्यायच, कारण त्यांनी एक नवे तंत्र आत्मसात केले होते. त्यांची संमती किती मुक्त होती, हे त्या काळच्या विवाहसंस्थेला वगळून सांगता येत नाही. त्यांचे काम मात्र निर्विवाद आहे. यशापयशाच्या चढउतारांनी ते कमीअधिक होत नाही. समीक्षेने त्याची नोंद चरित्रातील हृद्य प्रसंग म्हणून न करता कलाकृतीच्या कर्तृत्वातच करावयास हवी. एरवी दर पिढीत हरिश्चंद्राचे सत्य गायिले जाईल, आणि तारामतीचा हिशेब तसाच राहील.