खोली एक, पाळ्या तीन

एकच वस्तू अनेकांना ‘तुझीच’ म्हणून द्यायची, हे पाप की नुसता हिशेब? आमच्या बँकेत एका सर्व्हरच्या पोटात वीस सर्व्हर नांदतात. यंत्र एक, बिऱ्हाडं वीस! संगणक सांभाळणारा पोरगा पडद्यावर एक खिडकी उघडतो. डावीकडे नावांची उतरंड, उजवीकडे चालू-बंदची बटणं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. कबूल केलेल्या मेमरीची बेरीज मात्र यंत्रातल्या मेमरीहून जास्त!

आयबीएमनं ही युक्ती 1972 साली व्हीएम/370 या नावानं बाजारात आणली. काळाचौकीला तिचं काय कौतुक? इथल्या चाळींत एकेका खोलीत दहा-बारा गिरणी कामगार राहत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी पथारी टाकी. पण तिथं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. यंत्रांना कुणी सांगितलेलंच नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि तिन्ही पाळ्या एकदम घरी! खोली तेवढीच. बऱ्याच जणांनी गाव गाठलं.

सर्व्हरांना कुठलं गाव? सगळे एकदम जागे झाले तर काय, असं मी पोराला विचारलं.

“काका, सगळे एकदम कधीच जागे होत नाहीत.”

ठेवीदारांबद्दल आम्ही बँकवालेही हेच म्हणतो. फक्त काउंटरवर तशी पाटी लावत नाही.